यादीबाहेरचा कुणगा

दामू तांडेल चिखल चाखायचा. हे मी सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो, कारण त्याचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा हेच विचारतात आणि मी उगाच सारवासारव करत बसतो. होय, चाखायचा! शेताच्या मधोमध उकिडवा बसून बोटाच्या टोकावर चिमूटभर चिखल घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थुंकून निकाल द्यायचा, "खाडी अजून हंयच आसा." नाहीतर, "पाणी गोडावला." माती तपासायला सरकारने त्याला काचेच्या नळ्यांची एक पेटी दिली होती. ती आमच्या खोलीत फळीवर असायची आणि तिच्यात तो दाढीचे सामान ठेवायचा.

आमची खोली म्हणजे सरस्वतीकाकीच्या घराची पडवी. पंचायत समित्या नव्यानेच झाल्या होत्या, आपला हा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि आरोंद्याच्या अलीकडे खाडीच्या काठावरच्या पाणोशी गावात मी शाळामास्तर होतो. मी वाडीचा, म्हणजे सावंतवाडीचा, त्यामुळे स्वतःला जरा शहाणा समजणारा. खोली मला एकट्याला हवी होती. तिच्यात एक दिवस काकीने न विचारता दुसरी बाज आणून टाकली आणि म्हणाली, "मास्तरानू, ग्रामसेवक येतासा. माणूस बरो आसा म्हणतत." काकीला नवरा नव्हता, लेक इन्सुलीला दिलेली, घरात बोलायला कोणी नाही. त्यामुळे सगळे बोलणे तिने आम्हा भाडेकरूंसाठी साठवून ठेवले होते, आणि त्यात गोड फार थोडे होते.

ग्रामसेवक आला तो सायकल घेऊन. आता पाणोशीला यायचे तर होडीतून खाडी ओलांडायची, मग शेतांच्या मेरेमेरेने, म्हणजे बांधांवरून, चालायचे. सायकलला जायला रस्ताच नाही! पण ती सरकारने दिलेली, म्हणून ह्याने ती होडीत घातली आणि पुढे खांद्यावर मारून आणली. पाणोशीत सायकल चालवण्याजोगी सपाट जागा एकच, माझ्या शाळेचे अंगण. रोज संध्याकाळी हा गृहस्थ तिथे गोल गोल वीस फेऱ्या मारायचा. मी चिडून विचारले, "हे काय चालवलंय?" तर म्हणतो, "सरकारी वस्तू वापरात रवाक व्हयी, मास्तर. तपासणी झाली तर?" पहिल्या आठवड्यात सगळे गाव फेऱ्या बघायला जमले. दुसऱ्या आठवड्यात माणसे फेऱ्या मोजायला लागली. महिनाभरात संध्याकाळची वेळच त्याच्यावरून सांगू लागली, "तांडेल फिराक लागलो, गोरवां इली नाय अजून?"

ह्या तांडेलाचे घर मालवणच्या किनाऱ्यावर. बाप रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायचा, आजा रापण ओढायचा, आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. हा एकटा मॅट्रिक झाला आणि थेट शेती शिकवायच्या नोकरीत शिरला. नांगर कसा धरतात ते त्याने ट्रेनिंगमध्ये पाहिले होते, तेही लांबून. गाव हसत असे. त्याला त्याचे काही नाही. तो म्हणे, "मी शेती शिकवूक इलंयच नाय. सरकाराकडसून तुमका काय मिळता ता आणूक इलंय." आणि आणायचा. बियाणे, खते, विहिरीसाठी अनुदान, नारळाची रोपे. कागद अडला की माणसे हताश होत, हा होत नसे. "सरकार म्हणजे भरती, मास्तर. उशिरा येतला, पण येतला. आपण होडी तेवडी उलटी घालून ठेवची नाय."

तरी शेती शिकवल्याशिवाय सुटका नव्हतीच. जपानी पद्धतीने भातलावणी करून दाखवा, असा वरून हुकूम आला. म्हणजे रोपे, आमच्याकडचा तरवा, ओळीत, ठराविक अंतरावर. ओळीसाठी गाठी मारलेली दोरी हवी होती. ह्याने काय करावे? घरून जुने जाळे मागवले, ते चिखलावर पसरले आणि बायांना सांगितले, प्रत्येक भोकात एक रोप लावा. अंतर अगदी बरोबर, एक सुतभर इकडे नाही की तिकडे नाही! लावणी संपली, आणि जाळे काढायला गेले तर सगळी रोपे जाळ्यात अडकलेली. बाया चिखलात बसून हसल्या. सरस्वतीकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रे दामू, तरवो धरलंस मरे! आता बाजारात न्हेवन वीक." दामूही हसत होता. हसता हसता त्याने जाळे सुरीने कापून काढले, एकेक भोक, दुपार उलटून गेली. बापाचे जाळे होते ते. हे मला नंतर कळले आणि माझे मलाच कसेसे झाले, कारण सर्वांत मोठ्याने मी हसलो होतो.

अर्जावर अंगठा घेणे हे त्याच्या नोकरीतले खरे दिव्य. गावात मान आप्पा गावकाराचा. देवाला गाऱ्हाणे घालायचा अधिकार त्याचा. आप्पा अंगठा द्यायला तयार नाही, म्हणून कोणीच तयार नाही. "अंगठो दिलो काय घर गेला," एवढे एकच वाक्य आप्पा सांगायचा. त्याच्या चुलत्याचे तसे झाले होते, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. दामूने वाद घातला नाही. त्याने एक कोरा कागद घेतला, स्वतःचा अंगठा शाईत बुडवून त्यावर उठवला आणि कागद आप्पापुढे धरला. "आप्पानू, हो माझो अंगठो. कोरो कागद आसा, तुमका व्हया ता वर लिवून घेवा. तुमचो माका देवा. मी फसवलंय तर तुमीय माका फसवा." आप्पाने कागद उजेडात धरून उलटासुलटा पाहिला. मग तो घरात नेऊन देवाच्या कोनाड्यात ठेवला, बाहेर आला आणि अंगठा पुढे केला. त्या दिवशी सत्तावीस अंगठे झाले. मला शाईची बाटली धरून उभे राहावे लागले आणि माझा एकुलता एक चांगला सदरा गेला.

आता बांधाची गोष्ट.

पाणोशीची निम्मी शेते खाडीला लागून. उधाणाला खारे पाणी आत घुसायचे आणि उभे भात करपून जायचे. मध्ये बांध हवा होता, आणि बांधाला उघाडी हवी होती. उघाडी म्हणजे लाकडी दार. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते, भरतीला खाडीचे पाणी आत येऊ देत नाही. अशा बांधासाठी सरकार अनुदान देते हे दामूने शोधून काढले. माती लोकांनी श्रमदानाने टाकायची, बाकीचे सरकार देणार. अर्धे पैसे काम सुरू होताना, अर्धे पाहणी झाल्यावर. पहिल्या अर्ध्यात दगड येणार होता, दुसऱ्या अर्ध्यात उघाडी. आणि उघाडी पावसाआधी बसली नाही तर पहिल्याच उधाणाला बांध वाहून जाणार, हे शेंबडे पोरही सांगू शकले असते.

मंजुरी आली. गावात नारळ फुटले. मग दामूने नकाशा उलगडला. वरच्या कोणीतरी कचेरीत बसून पट्टी लावून बांधाची रेघ सरळ मारली होती. अकरा घरांची शेते रेघेच्या आत होती. सरस्वतीकाकीचा कुणगा तेवढा बाहेर. कुणगा म्हणजे भाताच्या शेताचा लहानसा तुकडा. काकीचा हा एकच होता, खाडीच्या वळणात, सगळ्यांत खाली. सहा वर्षे त्यात मूठभर भात धड झाले नव्हते. आता बांध सरळ गेला की तो कायमचाच खाडीच्या पोटात जाणार होता.

दामू दोनदा तालुक्याला गेला. दोनदा उत्तर एकच मिळाले. आराखडा मंजूर आहे, त्यात बदल नाही. लाभार्थ्यांची यादीही मंजूर आहे, तिच्यात नाव वाढणार नाही. दुसऱ्यांदा परत आला त्या दिवशी त्याने सायकलच्या फेऱ्या मारल्या नाहीत. काकीने ताट वाढले आणि म्हणाली, "रे, तोंड कित्या पाडलंस? अकरा घरांचा बरा होता मा? मगे जेव." त्याच्याने जेववेना. "काकी, तुझा नाव यादीत घालूक जमला नाय," एवढेच तो म्हणाला. काकीने त्याला घसघशीत शिवी दिली आणि आमटी वाढली.

दोन दिवसांनी खुंट्या मारून सरळ दोरी बांधली गेली. गाव फावडी घेऊन उभे होते. तेवढ्यात आप्पा गावकार काठी टेकत आला. दोरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. काकीच्या कुणग्याच्या पलीकडल्या कडेला एक काळा उभा दगड आहे. तो गावाचा राखणदार, शिवेची राखण करणारा देव. आप्पाने काठीने तो दाखवला.

"देवाक भायर खाऱ्या पाण्यात ठेवतलास? आणि आपण भितर सुके रवतलास?"

हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. फावडी खाली झाली. दामूने त्या दगडाकडे पाहिले आणि तो माझ्याकडे वळला. "मास्तर, नकाशात देव दाखवलो आसा काय?"

मी नकाशा पाहिला. देव दाखवला नव्हता.

"मगे नकाशो अपुरो आसा," असे म्हणून त्याने स्वतःच्या हाताने खुंट्या उपटल्या आणि दोरी राखणदाराच्या पलीकडून वळवून आणली. राखणदार आत आला. राखणदाराच्या अलीकडचा काकीचा कुणगाही आत आला. काकी पदर तोंडावर धरून उभी होती आणि कोणीच तिच्याकडे पाहत नव्हते, मुद्दाम.

माझा जीव मात्र टांगणीला लागला. मी त्याला रात्रंदिवस सुनावले, "अरे शहाण्या, मंजूर रेघ सोडून बांध घातलास! पाहणीला नापास झाला तर दुसरे पैसे गेले, उघाडी गेली, अकराच्या अकरा घरे बुडाली. तुझी नोकरी कच्ची, तीही गेली." तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "व्हय, तशी भीती आसा." मग टोपली उचलून माती टाकायला जायचा. जास्तीच्या वळणाची माती गावाने जास्तीचे पंधरा दिवस राबून टाकली. मीही टाकली. पाठ धरली ती अजून सुटलेली नाही.

वैशाखात रत्नागिरीहून ओव्हरसियर साहेब पाहणीला आले. पांढरी विजार, टोपी, हातात टेप. शुद्ध पुस्तकी मराठी. बांधावर चार पावले टाकली आणि थांबले.

"हा बांध वाकडा का?"

"साहेब, मध्ये राखणदार आहेत," दामू म्हणाला. साहेबांपुढे तोही शुद्ध बोलायचा, शर्टाचे वरचे बटण लावल्यासारखा.

"अनुदान शेतकऱ्यांसाठी आहे, देवासाठी नाही. दगड हलवा, बांध आखणीप्रमाणे करा, मगच पुढचा हप्ता."

पावसाला महिना उरला होता. बांध मोडून पुन्हा घालणे शक्यच नव्हते. दामूने शांतपणे पिशवीतून कागद आणि टाक काढला आणि नम्रपणे पुढे केला. "आम्ही आज्ञेबाहेर नाही, साहेब. देव हलवावा असा लेखी हुकूम द्यावा."

साहेबांनी टाक घेतला. तेवढ्यात आप्पा गावकार नारळ घेऊन राखणदारापुढे उभा राहिला. "सायबानू, लिवा तुमी, सावकाश लिवा. मी तवसर देवाक सांगतंय. तुमचा नाव, गाव, घराणा काय ता सांगा."

"माझे नाव कशाला?"

"देव विचारतलो मा, कोणी हलवल्यान म्हणान. आमी काय सांगूचा?" आप्पाने डोळे मिटले आणि खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गाव एका दमात ओरडले.

"आज तुका तुझ्या जाग्यावरसून उठवूचो हुकूम झालो आसा. ह्येच्यात तुझ्या लेकरांचो काय एक दोष नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हुकूम सायबाचो आसा. सही सायबाची आसा. तुका जा काय विचारूचा आसात ता तेंका विचार. तेंच्या घराक जा, तेंच्या वाटेक उभो रव, पण आमच्याकडे बघू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रवा! रवा ओ गावकारानू!" साहेबांच्या तोंडून एकदम मालवणी बाहेर पडली. टोपी हातात आली. "नारळ फोडू नका! खाली ठेवा तो आदी! माझी म्हातारी आवस थंय गावाक, तळेऱ्याक, एकटी आसा, आणि तुमी देवाक माझ्या घराचो पत्तो कसले देतास?"

गाव हसले, पण तोंड दाबून. साहेब बांधावरच बसले. काकीने पाण्याचा तांब्या दिला. घटाघटा पिऊन झाल्यावर त्यांनी दामूला जवळ बोलावले आणि आपल्या माणसाला विचारावे तसे विचारले, "खरा सांग. वळणाक सरकाराचो पैसो जास्ती लागलो?"

"एक पैसो नाय. सगळी माती गावान टाकली."

"आणि भितर अजून कोणाचा शेत इला?"

दामूने खोटे सांगितले नाही. "सरस्वतीकाकीचा. यादीत नाय ती."

साहेबांनी काकीकडे पाहिले, रिकाम्या तांब्याकडे पाहिले, कुणग्याकडे पाहिले. मग त्याच टाकाने त्याच कागदावर त्यांनी शुद्ध मराठीत लिहिले, ते मला अजून पाठ आहे. "स्थानिक परिस्थितीनुसार आखणीत किरकोळ फेरफार. काम समाधानकारक." सही केली आणि म्हणाले, "पण यादी बदलूक माझ्या हातात नाय. कागदार हो कुणगो खाडीतच रवतलो. खाडीत भात पिकता काय नाय ता बघूक मी काय येवचंय नाय." टेप गुंडाळता गुंडाळता ते आप्पापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "आता तोच नारळ फोडा. पण गाऱ्हाणा बरा घाला. माझी बदली तळेऱ्याच्या जवळपास होवंदे म्हणान सांगा." आप्पाने असे काही गाऱ्हाणे घातले की साहेबांचे डोळे पाणावले.

उघाडी पावसाच्या चार दिवस आधी बसली. पहिल्या मोठ्या उधाणाला भर दुपारी आम्ही सगळे छत्र्या, इरली घेऊन बांधावर उभे होतो. खाडी चढत चढत उघाडीला टेकली, दार धाडकन मिटले, आणि आत थेंब आला नाही. दामू तांडेल त्या पावसात छत्री फेकून नाचला. मीही नाचलो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी मला तोंड वर काढू दिले नाही.

त्या वर्षी पाऊसही भरपूर झाला. मातीतले मीठ धुऊन निघाले. काकीच्या कुणग्यात कमरेएवढे भात उभे राहिले. काकी रोज सकाळी जाऊन त्याला शिव्या देऊन यायची, दृष्ट लागू नये म्हणून.

कापणी, झोडणी झाली आणि दामूची बदली आली. घाटावर, कुठल्याशा कोरड्या तालुक्यात. कोणी म्हणाले, वाकड्या बांधाची कुजबुज वरपर्यंत गेली. कोणी म्हणाले, बदलीच ती, यायचीच. तो स्वतः हसत होता, "थंय समुद्रय नाय, खाडीय नाय. मी थंय करू काय, मास्तर?" मला हसू आले नाही. दोन वर्षे ही खोली माझ्या एकट्याची कधी होते ह्याची मी वाट पाहत होतो आणि आता ती होणार होती. मला ती नको होती.

तो निघाला तेव्हा सगळे गाव तरीवर, म्हणजे होडी लागते त्या काठावर, जमले होते. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. आप्पाने नारळाची जोडी आणली होती, कोणी कुळीथ, कोणी कोकमाच्या सोलांची पुरचुंडी. दामूने खिशातून लाभार्थ्यांची यादी काढली. मला वाटले, वेडबीड लागले की काय ह्याला! तर तो वाचायलाच लागला. "आप्पा गावकार, अनुक्रमांक एक. नारळ परत न्हेवा, आप्पानू. सरकाराचा अनुदान ज्येका मी दिलंय, तेच्याकडसून सुपारीचा खांडय माका चलाचा नाय." आप्पा रागावला, आर्जवे केली, राखणदाराची शपथ घातली. काही उपयोग झाला नाही. अनुक्रमांक दोन, कुळीथ परत. अनुक्रमांक तीन, सोलां परत. अकराच्या अकरा घरांना त्याने नाव वाचून हात जोडले आणि आणलेले परत दिले. माणसे हसत होती, डोळे पुसत होती, आणि मनातून चिडलीही होती.

सगळ्यांत मागून काकी आली. डोक्यावर लहानशी गाठोडी. तिने ती त्याच्यापुढे ठेवली आणि गाठ सोडली. उकडे तांदूळ होते, नवे, तांबूस. कुठल्या कुणग्यातले ते कोणाला सांगायला नको होते.

दामूने यादी वरून खालपर्यंत वाचली. बोट लावून पुन्हा वाचली. कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"काकी," तो म्हणाला, "तुझा नाव ह्येच्यात खंयच नाय गो."

"मगे?" काकी म्हणाली.

त्याने यादी घडी करून खिशात घातली, दोन्ही हातांनी गाठोडी उचलली आणि कपाळाला लावली. काकीने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि त्याला होडीकडे ढकलले. होडी सुटली. सायकल एका बाजूला कलंडलेली, आणि तो मधल्या फळीवर गाठोडी मांडीवर घेऊन बसलेला. मी पाहिलेला दामू तांडेल तो शेवटचा.

होडी पलीकडे लागेपर्यंत काकी हलली नाही. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे वळली.

"बरा झाला ओ मास्तरानू," ती म्हणाली, "माझा नाव यादीत घालूक तेका जमला नाय ता."